तूर-हरभऱ्याचा उतारा वाढवायचाय? आधी तारीख पकडा, मग खत, आणि फवारणीचा पंप सगळ्यात शेवटी

कडधान्याला उतारा (एकरी उत्पन्न) का पडत नाही असं कुणालाही विचारा, पहिलं उत्तर येतं अळी, दुसरं येतं पाऊस, आणि मग सगळे मिळून दुकानात विचारायला जातात की आता काय मारू. पण तूर आणि हरभऱ्यात बराचसा निकाल पेरणीच्या दिवशीच लागलेला असतो. तारीख चुकली की फुलं नेमकी नको त्या हवेत येतात, जमिनीतली ओल दाणा भरायच्या आतच संपते, अळीची पिढी बरोबर तुमच्या घाट्यांवर (हरभऱ्याच्या शेंगांवर) येऊन बसते, आणि मग तुम्ही खत वाढवा नाहीतर औषध वाढवा, ते नुकसान भरून निघत नाही. म्हणून सुरुवात तारखेपासून करू. महाराष्ट्रातल्या मध्यम ते भारी जमिनीतली खरिपाची तूर आणि रब्बीचा हरभरा धरून लिहितोय. मूग-उडीद साठ-सत्तर दिवसांची पिकं, त्यांचं गणित वेगळं, ती इथे घेत नाही.

तूर कधी पेरायची

१५ जून ते १५ जुलै. त्यातही ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल गेल्यावरच, पहिल्या वळवाच्या सरीवर नाही. आणि त्यातही जितकं लवकर जमेल तितकं चांगलं, याचं कारण समजून घ्या म्हणजे पुढचे निर्णय आपोआप सोपे होतात. तूर हे दिवस लहान व्हायला लागले की फुलाकडे वळणारं पीक आहे. तुम्ही जूनच्या मध्याला पेरा नाहीतर जुलैच्या शेवटी पेरा, महिनाभर उशीर केला म्हणून फुलं काही महिनाभर थांबत नाहीत, मग उशिरा पेरलेल्या झाडाला फांद्या फोडायला, अंग धरायला वेळच मिळत नाही, झाड गुडघ्या-कमरेएवढंच राहतं आणि तसंच फुलावर येतं.

म्हणून पाऊस लांबला आणि पेरणी जुलैच्या उत्तरार्धात गेली तर दोन गोष्टी करायच्या. एक, लवकर येणारी व्हरायटी घ्यायची. दोन, अंतर कमी करायचं. वेळेवरच्या पेरणीत दोन ओळींत ९० सेंटीमीटर आणि दोन झाडांत २० सेंटीमीटर ठेवतो, म्हणजे एकरी साधारण २२ हजार झाडं. उशिराच्या पेरणीत ओळींतलं अंतर ६० वर आणा, कारण झाडं पसरणारच नाहीत, मग मोकळ्या जागेत फक्त तण वाढतं. लोक नेमकं उलटं करतात, उशीर झाला म्हणून बियाणं वाचवतात.

व्हरायटी निवडताना आधी जमिनीची खोली बघा, शेजाऱ्याचं ऐकणं नंतर. हलक्या-मध्यम जमिनीत नोव्हेंबरपर्यंत ओल संपलेली असते, तिथे १८० दिवसांचं वाण लावलं तर शेंगा लागतील पण दाणा पोचट राहील. अशा ठिकाणी १५०-१५५ दिवसांत येणारं बदनापूरचं बीडीएन ७११ किंवा फुले राजेश्वरी बरं. मध्यम ते भारी जमिनीत बीडीएन ७१६, आणि भारी जमीन असून एखाद-दुसरं पाणी देता येत असेल तर बीएसएमआर ७३६ किंवा आशा, म्हणजेच आयसीपीएल ८७११९. ज्या रानात दरवर्षी मर (बुरशीमुळे झाडं वाळून मरायचा रोग) दिसते किंवा झाडं हिरवीगार राहून फुलंच धरत नाहीत (हा वांझ रोग, डोळ्याला न दिसणारी कोळी कीड तो पसरवते) तिथे या रोगांना प्रतिकारक वाणाशिवाय दुसरं काहीही लावू नका, वांझ झालेल्या झाडावर औषध नाही, ते दिसलं की उपटून टाकायचं एवढंच.

पहिले दोन महिने तूर फार हळू वाढते, तेवढ्यात तण तिला गिळतं. म्हणून एकतर त्या रिकाम्या जागेत सोयाबीन, मूग, उडीद किंवा बाजरीसारखं आंतरपीक घ्या, नाहीतर पेरणीनंतरचे ६० दिवस कोळपणी-खुरपणीला चुकू नका. ज्वारीचं आंतरपीक असलं की तुरीत मर कमी राहते हाही एक फायदा. पाणी साचणारं रान असेल तर रुंद सरी-वरंब्यावर घ्या किंवा दर दोन-चार ओळींनंतर एक मोकळी सरी काढा, तुरीला तहान सोसते पण पायात साचलेलं पाणी सोसत नाही.

शेंडा खुडणी ४५ ते ५० दिवसांनी, वरचे पाच-सहा सेंटीमीटर, आणि झाड जोमात असेल तर परत ६५ ते ७० दिवसांनी. कळ्या दिसायच्या आत हे आटपलं पाहिजे. ओल नसताना किंवा उशिरा पेरलेल्या लहान तुरीत खुडू नका, तिच्याकडे परत फुटायला दिवसच नसतात.

हरभऱ्याची तारीख, इथे जास्त लोक चुकतात

जिरायत हरभरा २० सप्टेंबर ते १० ऑक्टोबर. बागायत २० ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर. हे दोन वेगळे काळ का आहेत ते बघा. जिरायताला सगळा भरवसा जमिनीत साठलेल्या ओलीवर, त्यामुळे पाऊस उघडून वाफसा आला (माती पेरता येईल इतपत सुकली) की लगेच, आणि बी जरा खोल, ८ ते १० सेंटीमीटरवर, ओलीत पडलं पाहिजे. बागायताला ओलीची घाई नाही, तिथे थंडीची वाट बघायची असते, बी ५ सेंटीमीटरवर पुरतं.

आता कुणी म्हणेल पाणी आहे तर मग सप्टेंबरलाच पेरून मोकळं होऊ. होता येतं, पण तेव्हा जमीन गरम असते आणि मर रोगाच्या बुरशीला अशी गरम, ओली जमीन फार मानवते, रोपं वीस-पंचवीस दिवसांची झाली की एकेक करून माना टाकतात. आणि उलट्या बाजूने, नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत ढकललं तर फुलं आणि घाटे फेब्रुवारीच्या उन्हात सापडतात, तापमान ३५ अंशांच्या वर गेलं की परागकण नीट काम करत नाहीत, फुलं गळतात, लागलेले घाटे बारीक दाण्यावर पिकतात. शिवाय तोपर्यंत आजूबाजूची तूर निघालेली असते, तिथले पतंग हिरवं रान शोधत तुमच्याच उशिराच्या हरभऱ्यावर येतात.

सोयाबीन काढायला ऑक्टोबरचा दुसरा-तिसरा आठवडा उजाडतो, ही बऱ्याच जणांची खरी अडचण. त्यावर उपाय असा की सोयाबीन निघालं की नांगरट करून ओल उडवू नका, एक हलकी वखराची पाळी द्या आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पेरा. पुढच्या वर्षीचा विचार करताना सोयाबीनचंच लवकर येणारं वाण घ्या, हरभऱ्याची तारीख खरं तर जूनमध्ये ठरते.

वाणांत विजय अजूनही जिरायत आणि उशिराच्या पेरणीला धरून ठेवणारं आहे, मर रोगाला दाद देत नाही. दिग्विजय, जॅकी ९२१८, आकाश हीसुद्धा चाललेली नावं. हार्वेस्टरने काढायचं असेल तर उंच वाढणारं फुले विक्रम. काबुली (विराट, पीकेव्ही काबुली-२, कृपा) फक्त हमखास पाणी असेल तरच.

बियाणं किती, हे गोणीवर नाही, दाण्यावर ठरतं

एकरी ३० किलो असा एकच आकडा सगळीकडे फिरतो, तो अर्धवट आहे. ३० बाय १० सेंटीमीटर अंतराने एकरात १ लाख ३३ हजार झाडं बसतात. तुमच्याकडच्या बियाण्यातले १०० दाणे मोजा, सोनाराच्या किंवा स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर वजन करा, जे ग्रॅम येतील त्याला १.३३ ने गुणा, उत्तर एकरी किलोमध्ये. १०० दाण्यांचं वजन २० ग्रॅम (विजयसारखं) भरलं तर २७ किलो, २८ ग्रॅम भरलं तर ३७ किलो. वर दहा टक्के धरून चला. टपोऱ्या दाण्याचं वाण घेऊन बारीक दाण्याचा हिशोब लावला की रान विरळ होतं, आणि विरळ हरभरा फांद्या फोडून भरून काढतो खरा, पण तो फुलतो लांबत, पिकतो पुढेमागे, अळीला महिनाभर ताटं वाढलेली.

उगवण मात्र तपासाच. १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, पाणी शिंपडत राहा, आठवडाभराने मोजा, ८५ च्या वर मोड आले तर उत्तम, ७० च्या खाली असेल तर ते बियाणं पेरायचं नाही.

घरचं बियाणं वापरायचं का? हरभऱ्याचं वापरा, त्यात परागीभवन स्वतःच्याच फुलात होतं, दोन-तीन वर्षं वाण शुद्ध राहतं. तुरीत मधमाश्या शेजारच्या रानातले पराग आणतात, घरचं बियाणं दरवर्षी थोडं थोडं भेसळत जातं आणि रोगाचा प्रतिकारही त्याबरोबर पातळ होतो, म्हणून तूर दर दोन-तीन वर्षांनी नवीन आणायची.

बीजप्रक्रिया: क्रम चुकला तर केलेली न केलेली सारखीच

सगळ्यात कमी पैशात जास्त फायदा देणारी पायरी हीच, आणि पेरणीच्या गडबडीत सगळ्यात आधी गाळली जाणारीही हीच. आधी रोगाच्या बुरशीसाठी ट्रायकोडर्मा (ही मित्रबुरशी), किलोला ५ ते १० ग्रॅम. मग पेरणीच्या आधी दोन-चार तास रायझोबियम (मुळांवर गाठी करणारे जिवाणू) आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू (पीएसबी), दोन्ही १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं एकेक पाकीट. चिकटण्यासाठी लिटरभर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ उकळून पूर्ण थंड करा, गरम ओतलात तर जिवाणू तिथेच मेले. ताडपत्रीवर बी पसरून हलक्या हाताने चोळा, साल निघेल इतकं रगडू नका, सावलीत सुकवा, पेरा.

पाकीट घेताना दोन गोष्टी बघा. एक तारीख, दुसरं कोणत्या पिकाचं. हरभऱ्याचं रायझोबियम वेगळं, तुरीचं वेगळं, सोयाबीनचं तर आणखी वेगळं, घरात मागच्या हंगामातलं सोयाबीनचं पाकीट पडलंय म्हणून ते हरभऱ्याला चोळून काहीच होत नाही.

आणि रासायनिक बुरशीनाशक? मर फार असलेल्या रानात काही जण कार्बेन्डाझिम-थायरम लावतात, पण त्याच बियाण्यावर लगेच ट्रायकोडर्मा लावलं तर बुरशीनाशक त्यालाही मारतं, शेवटी तीही बुरशीच. तेव्हा दोन्हीतलं एक निवडा. विकतचं बियाणं लाल-निळं रंगवलेलं असेल तर त्यावर आधीच औषध आहे असं समजा, अशा वेळी एकरी १ किलो ट्रायकोडर्मा १०० किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओलं ठेवून, आठवडाभर सावलीत झाकून ठेवा आणि पेरणीच्या वेळी बियाण्याच्या ओळीत द्या. ज्या रानात मर येऊन गेलीय तिथे हरभऱ्यावर हरभरा टाळा, ही बुरशी पीक नसतानाही जमिनीत पाच-सहा वर्षं टिकते.

खत: कडधान्याला कमी लागतं, पण जागेवर लागतं

तूर आणि हरभरा दोन्हीला शिफारस जवळपास सारखी, हेक्टरी २५ किलो नत्र (नायट्रोजन), ५० किलो स्फुरद (फॉस्फरस) आणि ३० किलो पालाश (पोटॅश). एकरी म्हणाल तर १० किलो नत्र, २० किलो स्फुरद, १२ किलो पालाश. हे दोन पद्धतीने बसवता येतं. सरळ पद्धत म्हणजे डीएपीची ५० किलोची एक बॅग, त्यात ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद येतं, आणि सोबत २० किलो म्युरेट ऑफ पोटॅश. दुसरी पद्धत, जी मला जास्त पटते, सिंगल सुपर फॉस्फेट १२५ किलो, युरिया २० किलो, पोटॅश २० किलो. गोण्या जास्त उचलाव्या लागतात हे खरं, पण सुपर फॉस्फेटमधून जवळजवळ १४ किलो गंधक फुकट मिळतं आणि डीएपीत गंधक नसतं. कडधान्यातली प्रथिनं तयार व्हायला गंधक लागतंच, वर्षानुवर्षं फक्त डीएपी टाकलेल्या रानात याचा फरक डोळ्याला दिसतो. माती परीक्षणात जस्त कमी आलं असेल तर एकरी १० किलो झिंक सल्फेट, पण ते स्फुरदाच्या खतात कालवून नाही, वेगळं, शेणखतातून.

आता महत्त्वाचं. स्फुरद जमिनीत हलत नाही, जिथे पडेल तिथेच बसतं. वरून फोकून दिलं तर वरच्या दोन बोटं मातीत राहतं, आणि रब्बीत ती माती पहिल्यांदा सुकते, मुळं खाली आणि खत वर. म्हणून दोन चाड्यांच्या पाभरीने किंवा खत-बी पेरणी यंत्राने बियाण्याच्या खाली, थोडं बाजूला पेरून द्यायचं. बियाण्याला चिकटून नको, चोळलेले जिवाणू खताच्या दाण्याला लागून मरतात. पेरणीच्या वेळी राहून गेलं म्हणून महिनाभराने डीएपी फेकण्यात अर्थ नाही, ते पैसे वाचवा.

युरियाचं वेड हरभऱ्यात तरी सोडा. सुरुवातीला दिलेलं दहा किलो नत्र फक्त मुळांवर गाठी बसेपर्यंतची शिदोरी. गाठी बसल्या की झाड हवेतलं नत्र स्वतः घेतं, आणि जमिनीत आयतं नत्र भरपूर असलं तर गाठी करायचे कष्ट ते घेतच नाही. वरून पाला लुसलुशीत होतो, रान गच्च होतं, आत हवा खेळत नाही, मादी पतंगाला अंडी घालायला अशीच कोवळी शेंडं हवी असतात.

गाठी कामाच्या आहेत का हे बघायला पेरणीनंतर ३५-४० दिवसांनी चार-पाच ठिकाणची रोपं कुदळीने मातीच्या ढेकळासकट उचला, उपटू नका, उपटल्या की गाठी जमिनीतच राहतात. पाण्यात मुळं धुवा, गाठ नखाने चिरा. आत गुलाबी-लाल असेल तर ती नत्र बनवतेय. पांढरी किंवा हिरवट असेल तर नुसती शोभेची. गाठीच नसतील किंवा सगळ्या पांढऱ्या असतील आणि पीकही पिवळट असेल, तरच २ टक्के युरिया फवारा, १५ लिटरच्या पंपाला ३०० ग्रॅम. फुलोरा सुरू होताना आणि त्यानंतर १०-१५ दिवसांनी हीच २ टक्के युरियाची फवारणी जिरायत हरभऱ्यात चांगली लागू पडते, कारण ओल संपत आलेली असते आणि मुळाकडून काही मिळत नसतं. तुरीत फुलोऱ्याला २ टक्के डीएपी मारतात, ते रात्री भिजत घालून सकाळी वरचं निवळ पाणी गाळून घ्या, नाहीतर नोझल चोंदतं.

पाणी

थोडक्यात. हरभऱ्याला फांद्या फुटताना ३०-३५ दिवसांनी एक, घाटे भरताना ६०-६५ दिवसांनी एक. मधलं फुलाच्या आधीचं ४५-५० दिवसांचं तिसरं पाणी जमीन मध्यम असेल तर. ऐन फुलोऱ्यात पाटाने भरपूर पाणी सोडलं की पीक परत पाल्यावर जातं आणि फुलं झडतात. तुषारनेच, हलकं द्या. तुरीला पावसाने ओढ दिली तर कळी धरताना आणि शेंगा भरताना एकेक संरक्षित पाणी. तुरीची फुलगळ बघून घाबरू नका, निरोगी झाडसुद्धा आलेल्या फुलांपैकी ८० टक्क्यांहून जास्त फुलं टाकून देतं, त्यावर टॉनिकच्या बाटल्या रिचवून उपयोग नाही.

अळी: फवारणीच्या आधी करायचं ते

दोन्ही पिकांची मुख्य शत्रू एकच, घाटेअळी, तुरीत तिलाच शेंगा पोखरणारी हिरवी अळी म्हणतात. कपाशी-सोयाबीनवरून तुरीवर, तुरीवरून हरभऱ्यावर अशी पिढी दर पिढी सरकत येते. मादी कोवळ्या शेंड्यावर, कळीवर एकेक अंडं घालते, तीन-चार दिवसांत अळी निघते, सुरुवातीला पानाचा हिरवा भाग खरवडून खाते म्हणून पानावर पांढरट ठिपके दिसतात, आणि दोन-अडीच आठवड्यांत पूर्ण वाढते. एक अळी तिच्या आयुष्यात ३०-४० घाटे फोडते, त्यातलं बहुतेक खाणं शेवटच्या काही दिवसांतलं. म्हणजे लोकांना अळी दिसते तेव्हा ती मोठी असते, तिचं खाऊन होत आलेलं असतं, आणि जैविक औषधं मोठ्या अळीवर चालत नाहीत. जैविकला रिझल्ट नाही असं म्हणणाऱ्या बहुतेकांची अडचण औषधात नसते, फवारायला उशीर झालेला असतो.

उन्हाळ्यात खोल नांगरट करा, कोष जमिनीत असतात, वर आले की ऊन आणि पक्षी त्यांचं बघतात. बांधावरची कोळशी, रानभेंडी, पेटारी ही तणं काढा, रान रिकामं असताना अळी त्यांच्यावर दिवस काढते. पेरताना हरभऱ्यात थोडे ज्वारीचे दाणे मिसळा, ती ताटं वर येतात आणि पक्ष्यांना बसायला आयती जागा होते. कोथिंबिरीच्या अधूनमधून ओळी टाका, तिच्या फुलांवर कॅम्पोलेटिस नावाची बारीक गांधीलमाशी येते, ती लहान अळीच्या अंगात अंडं घालते. पानावर मेलेल्या अळीच्या कातड्याशेजारी तांदळाएवढा करडा कोष दिसला तर तो याच मित्रकीटकाचा, चिरडू नका. असे कोष बरेच दिसत असतील तर फवारणी दोन-चार दिवस पुढे ढकलून परत मोजा.

कामगंध सापळे एकरी दोन, पिकाच्या वर फूटभर उंचीवर, घाटेअळीची ल्युअर (मादीच्या वासाची गोळी) म्हणजे हेलील्युअर लावून. कळ्या धरायच्या आधी लावा, ल्युअर कंपनीने सांगितलेल्या दिवसांनी बदला. हे सापळे पतंग संपवायला नाहीत, नर सापडतात, अंडी मादी घालते. ते फक्त तारीख सांगतात. एका सापळ्यात रोज ८-१० पतंग असे सलग दोन-तीन दिवस आले की समजायचं अंडी पडतायत.

आठवड्यातून दोनदा रानात जा, कडेने नाही, आत. दहा ठिकाणी एकेक मीटर ओळ नीट बघा. हरभऱ्यात मीटरला सरासरी एक ते दोन अळ्या, किंवा शंभरातले पाच घाटे फोडलेले, ही फवारणीची वेळ. त्याच्या आत पक्षी थांबे पुरे, एकरी आठ-दहा, इंग्रजी टी आकाराच्या काठ्या. कोतवाल आणि मैना जे काम करतात ते मजूर लावून होत नाही. दाणे पिकायला लागले की काठ्या काढून घ्या.

तुरीत एक जुना, बिनऔषधाचा उपाय आहे. दोन ओळींत ताडपत्री किंवा जुनी साडी अंथरायची, झाड हलक्या हाताने हलवायचं, मोठ्या अळ्या टपटप खाली पडतात, त्या रॉकेलमिश्रित पाण्यात टाकायच्या. लहान क्षेत्राला हा सगळ्यात खात्रीचा, कारण मोठ्या अळीवर दुसरं जैविक काही चालतच नाही.

जैविक फवारणी, क्रमाने

पहिली फवारणी, कळ्या दिसायला लागल्या की, निंबोळी अर्क ५ टक्के. ५ किलो निंबोळी पावडर १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, २०० ग्रॅम साबणाचा चुरा पाण्यात विरघळवून टाका, सगळं मिळून १०० लिटर करा, त्याच दिवशी वापरा. याने मोठी अळी मरत नाही, अंडी घालणं कमी होतं आणि लहान अळ्यांचं खाणं-वाढणं बिघडतं. वेळ नसेल तर १५०० पीपीएमचं तयार निम तेल १० लिटरला २५ मिली.

दुसरी, लहान अळ्या दिसल्या की एचएएनपीव्ही, म्हणजे फक्त घाटेअळीला होणारा विषाणू. एकरी २०० एलई (विषाणूची ताकद मोजायचं माप), २०० लिटर पाण्यात (बाटलीवरचा डोस बघून मिली काढा, प्रत्येक कंपनीची ताकद वेगळी). ऊन याला मारतं, म्हणून फवारणी संध्याकाळी चारनंतरच, आणि १० लिटरला ५० ग्रॅम गूळ आणि १० ग्रॅम कपड्याची नीळ टाका. गुळामुळे अळी जास्त खाते, निळीमुळे विषाणू उन्हात थोडा जास्त टिकतो. तांब्याचं बुरशीनाशक किंवा दुसरं काही यात मिसळू नका. दुसऱ्या दिवशी रानात जाऊन अळ्या जिवंत आहेत म्हणून दुकानदाराला फोन करायचा नाही. तीन-चार दिवसांत खाणं मंदावतं, पाच ते सात दिवसांत अळी शेंड्यावर चढून मागच्या पायांनी उलटी लटकते, काळी पडते, फुटली की आतलं पाणी पानावर पडतं आणि त्यातून पुढच्या अळ्यांना लागण होते. अशा लटकलेल्या अळ्या गोळा करून, ठेचून, गाळून परत फवारणारे शेतकरी आहेत, चालतं ते, फक्त त्याची ताकद मोजलेली नसते. पाने खाणारी दुसरी अळी, म्हणजे स्पोडोप्टेरा असेल तर हा विषाणू तिला काही करत नाही.

बीटी पावडर (बॅसिलस थुरिंजिएन्सिस) लिटरला २ ग्रॅम, हाही पर्याय, हीसुद्धा संध्याकाळी. पण मराठवाड्यात आता जागोजागी तुती आहे, शेजारी रेशीम करणारं कुणी असेल तर बीटी टाळा, रेशीमकिडा हीदेखील शेवटी अळीच, फवारा तुतीवर उडाला तर त्यांची बॅच जाते.

ट्रायकोकार्ड (अळीच्या अंड्यांवर जगणाऱ्या ट्रायकोग्रामा कीटकांचं कार्ड) लावू का असं बरेच जण विचारतात, कारण कपाशी-उसात त्याचं नाव ऐकलेलं असतं. हरभऱ्यात त्यावर पैसे घालू नका. पहाटे हरभऱ्यावर फडकं टाकून जी आंब गोळा करतात ना, ती पानावरच्या केसांतून सुटणारी आम्लं असतात, मॅलिक आणि ऑक्झॅलिक, आणि ट्रायकोग्रामाचे चिमुकले कीटक त्या चिकट आंबट पानावर वावरूच शकत नाहीत. एचएएनपीव्हीचा जोरसुद्धा हरभऱ्याच्या पानावर कमी होतो, आंबेमुळे नाही, पानातल्या दुसऱ्या द्रव्यांमुळे, म्हणून तिथे एकाच फवारणीवर न थांबता आठ-दहा दिवसांनी दुसरी करावी.

तुरीत आणखी दोन पाहुणे, पिसारी पतंगाची अळी आणि शेंगमाशी. पिसारीची अळी बाहेरून शेंग खाते, निंबोळी आणि बीटीत आवरते. शेंगमाशी कपटी आहे, अळी शेंगेच्या आत दाणा पोखरत बसते, बाहेर पडायच्या वेळी टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसतं तेव्हा सगळं आटपलेलं. तिच्यावर विषाणू चालत नाही, आणि ती उशिरा शेंगा भरणाऱ्या तुरीत जास्त असते. पुन्हा तेच, वेळेवर पेरणी आणि जमिनीला साजेसं लवकर येणारं वाण हाच तिच्यावरचा मोठा उपाय.

एवढं करूनही अळ्या नुकसानीच्या पातळीवर गेल्या आणि मोठ्या झाल्या, तर हट्टाने जैविकच मारत बसू नका. इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के १० लिटरला ४.४ ग्रॅम किंवा क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल १८.५ टक्के २.५ मिली, यातलं एक, एकदाच. परत गरज पडली तर दुसरं घ्या. लेबल वाचा, मास्क-हातमोजे घाला, मधमाश्या फिरत असताना मारू नका. सायपरमेथ्रिनसारखी स्वस्त पायरेथ्रॉइड सारखी सारखी मारू नका, या अळीला त्यांची सवय झाल्याचं आंध्रात १९८७ सालीच कपाशीवर दिसलं होतं, आणि तुमचे मित्रकीटक मात्र पहिल्याच फवारणीत मरतात.

काढणी

हरभऱ्याची पानं पिवळी पडून झडायला लागली, घाटे वाळले की सकाळच्या गारव्यात काढा, दुपारी घाटे फुटतात आणि पहाटे आंबेने हात जळतात. तूर ७५-८० टक्के शेंगा वाळल्या की कापा, पेंढ्या उभ्या करून चार-पाच दिवस वाळू द्या. बियाण्यासाठीचा भाग रानाच्या मधला, निरोगी झाडांचा, त्याची मळणी वेगळी करा. साठवताना ओलावा ८-९ टक्के, म्हणजे दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे, चेपला जाता कामा नये. कडक उन्हात वाळवून, थंड झाल्यावरच भरा. गरम दाणे भरले की कोठीत घाम सुटतो. जुनी पोती वापरणार असाल तर उकळत्या पाण्यात बुडवून वाळवून घ्या, भुंगेऱ्याची अंडी शिवणीत असतात, आणि पोती थेट फरशीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब रचा.